रस्त्यावरचे इंजिन आकाशात जाते तेव्हा

१९९०च्या दशकातली गोष्ट. मी ठाणे पूर्वेच्या कोपरीत शाळेत शिकत होतो. जुलैच्या एका सकाळी मामांच्या जुन्या गाडीतून जाताना कोपरीच्या पुलावर गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मामा शांतपणे उतरले, बॉनेट उघडले, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसली आणि पुन्हा बसवली. गाडी लगेच सुरू झाली. मी विचारले, "मामा, विमानात असं झालं तर?" मामा म्हणाले, "तिथं फडकं घेऊन कोण उतरणार?"

पुढे पदार्थविज्ञान शिकताना लक्षात आले, की मामांच्या या उत्तरात विमानाच्या इंजिनाचा बराचसा इतिहास सामावला आहे. मोटारीचे इंजिन विमानाला बसवता येईल का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर 'हो' असे आहे. मात्र ठिणगी कोठून आणायची आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण कसे करायचे, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

आरंभापासून पाहू. १९०२ साली राइट बंधूंनी मोटारींची इंजिने बनवणाऱ्या अनेक कारखान्यांना पत्रे लिहिली. पुरेसे हलके आणि पुरेशा ताकदीचे इंजिन त्यांना कोणाकडूनही मिळाले नाही. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातील यंत्रकारागीर चार्ल्स टेलर यांनी सुमारे सहा आठवड्यांत चार सिलिंडरांचे इंजिन घडवले. त्याला आजच्या अर्थाने कार्बोरेटर नव्हताच. वरच्या टाकीतून पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली येई, एका उथळ कप्प्यात इंजिनाच्या उष्णतेने त्याची वाफ होई आणि ती हवेबरोबर आत ओढली जाई. सुरू होताच हे इंजिन सुमारे १६ अश्वशक्ती देई. तापले, की ती १२ वर उतरे. कारण सोपे आहे. हवा तापली की प्रसरण पावते, म्हणून तेवढ्याच आकारमानात कमी ऑक्सिजन मावतो. ठिणगीसाठी सिलिंडरच्या आतच दोन संपर्कबिंदू जुळत आणि विलग होत. वीज इंजिनावर फिरणाऱ्या मॅग्नेटोकडून येई. सुरू करण्यापुरती कोरड्या घटांची बॅटरी जोडत आणि ती जमिनीवरच ठेवून देत. १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे झाले, ते अशा इंजिनावर.

मॅग्नेटो म्हणजे काय? फॅराडेचा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम आपण दहावीला शिकवतो. तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले, की वीज निर्माण होते. इंजिन फिरते, त्याबरोबर चुंबक फिरते आणि ठिणगी पडते. बॅटरी नको, डायनॅमो नको. इंजिन फिरत आहे तोवर वीज आहे. उच्च दाबाचा मॅग्नेटो १९०२ च्या सुमारास बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी सिद्ध केला आणि पुढे काही वर्षे मोटारींनीही तोच वापरला.

मग मोटारींनी त्याला निरोप का दिला? १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांची विजेवर चालणारी स्टार्टरची योजना आली. स्टार्टर आणि दिवे यांच्यासाठी बॅटरी गाडीत आलीच होती. ठिणगीही तिच्याकडूनच घेणे स्वस्त पडले. शिवाय मॅग्नेटोची एक अडचण होती. इंजिन हळू फिरत असताना, म्हणजे नेमके सुरू करताना, त्याची ठिणगी दुबळी असते. यावर उपाय म्हणून विमानांच्या मॅग्नेटोंमध्ये स्प्रिंगची जोडणी आली. स्प्रिंग आधी ताणली जाते आणि ऐनवेळी चुंबकाला झटका देऊन फिरवते.

मोटारीची पद्धत विमानाने कधी घेतलीच नाही, असे मात्र नाही. १९१७ साली अमेरिकेत मोटार आणि इंजिन उद्योगातील अभियंत्यांनी लिबर्टी नावाचे १२ सिलिंडरांचे, सुमारे ४०० अश्वशक्तीचे इंजिन आखले. त्यात बॅटरीवरचीच ठिणगी होती. पण डिस्ट्रिब्युटर दोन आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. हेच इंजिन बसवलेली डीएच-९ए विमाने १९२०च्या दशकात आपल्या वायव्य सरहद्दीवर उडत होती.

येथे विद्यार्थ्यांना एक छोटे गणित द्यावे. समजा, एक ठिणगी-यंत्रणा हजार उड्डाणांत एकदा बंद पडते. तशा दोन बसवल्या, तर दोन्ही एकाच उड्डाणात बंद पडण्याची शक्यता दहा लाखांत एक. पण हा गुणाकार केव्हा खरा? दोन्ही यंत्रणा एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. दोन्ही एकाच बॅटरीवर असतील आणि बॅटरीची तार सुटली, तर दोन प्लग असून उपयोग शून्य. म्हणून पुढे विमानाच्या इंजिनात दोन प्लग आणि दोन वेगळे मॅग्नेटो, अशी रीत पक्की झाली. दोन बाजूंनी ज्योत पसरल्याने ज्वलनही अधिक चांगले होते, हा वरचा लाभ. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. इंजिनाचे फेरे थोडेसे उतरले तर ठीक. फार उतरले तर विमान जमिनीवरच राहते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानात जिप्सी जातीचे चार सिलिंडरांचे इंजिन होते आणि ते दोन मॅग्नेटोंच्या भरवशावर चालत होते.

आता कार्बोरेटरकडे वळू. त्यात अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब उतरतो आणि त्या फरकाने पेट्रोल ओढले जाते. हवा विरळ झाली, की तिचे वस्तुमान घनतेच्या प्रमाणात घटते. पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त होते. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८७ टक्के, म्हणून पेट्रोलचे प्रमाण सुमारे ७ टक्के जास्त. मोटार एवढे चालवून घेते. ३००० मीटरवर घनता ७४ टक्के आणि पेट्रोल १६ टक्के जास्त. इंजिन गुदमरू लागते, प्लगवर काजळी धरते. म्हणून विमानात मिश्रण पातळ करण्याचा वेगळा दांडा वैमानिकाच्या हाताशी देतात.

दुसरा धोका अधिक लबाड आहे. पेट्रोलचे बाष्पीभवन आणि दाबातील घट यांमुळे कार्बोरेटरच्या गळ्यातले तापमान २० अंशांहूनही अधिक उतरू शकते. बाहेर २० ते २५ अंश तापमान आणि ठाण्याच्या पावसाळ्यासारखी दमट हवा असेल, तर गळ्यात बर्फ धरतो. हा धोका सर्वांत जास्त केव्हा? थ्रॉटल जवळजवळ मिटलेले असताना, म्हणजे विमान उतरण्यासाठी खाली येताना. उपाय म्हणजे धुराड्याभोवतीची गरम हवा आत घेणे. पण गरम हवा म्हणजे कमी ताकद. राइट बंधूंच्या इंजिनाची १६ वरून १२ अश्वशक्ती झाली, तोच हिशेब. म्हणून ही हवा गरजेपुरतीच घ्यायची.

हे सारे सांभाळून मोटारीचे इंजिन उडवणारे लोक निघालेच. अमेरिकेत मिनेसोटातील बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२९च्या सुमारास फोर्डच्या मॉडेल-ए मोटारीचे इंजिन लाकूड-कापडाच्या विमानाला बसवले. या मोटारीत पेट्रोल पंपाविनाच, केवळ गुरुत्वाकर्षणाने कार्बोरेटरकडे येई. बिघडायला पंपच नाही, हा मोठा फायदा. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात फोक्सवॅगनच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला मॅग्नेटो जोडून छोटी विमाने उडू लागली.

आपल्याकडेही मोटार आणि विमान यांचे नाते जुने आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. तिचा कारखाना कुर्ल्याला झाला. एकाच माणसाने दोन्ही स्वप्ने पाहिली, पण रस्त्यासाठीचे इंजिन आणि आकाशासाठीचे इंजिन वेगळेच राहिले. बंगळूरला बनलेल्या 'पुष्पक' या प्रशिक्षण विमानाने १९५८ साली पहिले उड्डाण केले, ते ९० अश्वशक्तीच्या खास विमानी इंजिनावर. कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात अनेकांनी पाहिले असेल. घरी विमान बांधण्याची हौस आपल्या मातीतही आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

आज मॅग्नेटोच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि कार्बोरेटरच्या जागी फवारणी येत आहे. पण अशा यंत्रणेला बाहेरून वीज लागत असेल, तर बॅटरीचा जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. काही इंजिनांत म्हणूनच ठिणगीपुरती वीज इंजिनावरच्या स्वतंत्र वेटोळ्यांतून घेतात.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. दोन दिवे एकाच सेलवर समांतर जोडा, मग तेच दोन दिवे दोन वेगळ्या सेलवर. पहिल्या जोडणीतला सेल काढला, की पूर्ण अंधार; दुसरीत एक सेल काढला, तरी एक दिवा उरतो. 'दोन असणे' आणि 'दोन स्वतंत्र असणे' यांतला फरक मुलांना तेथेच उमजेल. एखादे यंत्र चांगले आहे का, असे विचारताना आणखी एक प्रश्न विचारायची सवय त्यांना लावावी : ते बंद पडले, तर पुढे काय? कोपरीच्या पुलावर याचे उत्तर एका फडक्यात होते. आकाशात ते उड्डाणापूर्वीच तयार असावे लागते.