शेवटचे पाच मीटर

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. संगमनेरी शेळी आहे. पाणबुड्यांच्या इतिहासात शिरायला मला तेवढी वाट पुरली, कारण खोल पाण्यातून माणसाने वर कसे यावे हे आधी शेळ्यांनी सांगितले आहे.

दाबाखाली रक्तामांसात विरघळलेला नायट्रोजन, दाब एकाएकी उतरला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये मांडले होते. गोटी सोड्याची बाटली फोडलेल्याला ते वेगळे समजवायला नको. पुढे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादी टाकीत शेळ्या ठेवून दाब चढवला, उतरवला. घाई झाली की शेळी पुढचा पाय उचलून धरी. सांधा दुखतो, हे तिने आणखी कसे सांगावे? बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह १९०८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: एकूण दाब निम्म्यावर येईपर्यंत भरभर या, मग टप्प्याटप्प्याने थांबत या. त्याआधीची रीत संथ, एकसारख्या गतीने वर येण्याची होती.

हौशी स्कूबावाल्यांची वेळ-खोलीची कोष्टके या विचारातूनच निघाली. मर्यादेत राहिलात तर थांबायची गरज नाही, असे ती सांगत. मग आज पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा कशासाठी?

उत्तराचा एक धागा मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकी नौदलाने १९५० च्या दशकात वर येण्याचा वेग मिनिटाला ६० फूट ठरवला. तो प्रयोगातून आलेला नव्हता. चपळ पोहणाऱ्या पाणबुड्यांना १०० फूट वा त्याहून जास्त हवे होते, जड पोशाखवाल्यांना ते जमणारे नव्हते. मधला, सेकंदाला एक फूट असा सोयीचा आकडा निघाला. बाजारात घासाघीस होते, तशीच ही. तोच आकडा पुढे हौशी मंडळींनी प्रमाण मानला.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात अँड्र्यू पिल्मानिस यांनी डॉप्लर यंत्राने पाणबुड्यांच्या रक्तातले बुडबुडे ऐकले. कोष्टकाच्या मर्यादेत राहून, काहीही न दुखता वर आलेल्यांतही ते होते. वर येताना थोडी मिनिटे थांबवल्यावर मात्र ते पुष्कळच घटले. १९८९ मध्ये वुड्स होल येथील कार्यशाळेने वेग कमी ठेवून असा थांबा घेण्याची शिफारस केली.

जागा पृष्ठभागाजवळच का? दहा मीटरवरून वर येताना दाब निम्मा होतो. तीसवरून वीसवर येताना फक्त चौथाईने उतरतो. खरा उतार शेवटी आहे. तीन मीटरवर लाटा माणसाला हेलकावतात, पाचवर स्थिर राहता येते. शिवाय मालवण-तारकर्लीसारख्या वर्दळीच्या पाण्यात डोक्यावरून होडी जाते आहे का, हेही तिथून पाहून घेता येते.