‘साहेबाचा धर्म’ : बेळगावचे बाबा पदमनजी आणि त्यांच्यानंतरचे दोघे

चर्चची पायरी कधीच न चढलेला माणूस ख्रिस्ती शेजाऱ्याकडे कसा बघतो? आपल्या बेळगावात हा प्रश्न जुनाच आहे. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला, छावणी वसली आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे गोऱ्या साहेबाचा धर्म हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यातून आपल्यातला कुणी ख्रिस्ती झाला, की त्यासाठी शब्द एकच: ‘बाटला’. मनापासून पटलं म्हणून कुणी धर्म बदलेल, हे कुणाला खरंच वाटायचं नाही. नोकरी, पगार, साहेबाची मर्जी, असलंच काहीतरी कारण असणार, असं लोक धरून चालायचे.

बाबा पदमनजी याच बेळगावात १८३१ साली जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस मंडळीतही ते वावरले. १८५४ साली त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. ओळखीच्या गावात, ओळखीच्या माणसांदेखत! लोकांच्या संशयाला त्यांनी लेखणीनं उत्तर दिलं. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही त्यांची कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते. तिचा विषय बघा: हिंदू विधवांचे हाल. धर्म बदलला तरी भोवतालच्या समाजाचं दुःख त्यांनी परकं मानलं नाही. पण त्यांच्या पिढीची रीत वादाची होती. समोरच्याचं चूक कसं, हे दाखवण्यावर भर फार. वादात माणूस गप्प होतो, पण जवळ येतोच असं नाही.

पुढच्या पिढीतले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांनी वेगळी वाट धरली. ‘परका धर्म’ या आरोपात तथ्य आहे, हे त्यांनी आधी कबूल केलं. परक्या चालीवरची गाणी, साहेबी थाट हे सगळं त्यांना खुपायचं. मग त्यांनी अभंग रचले, भजन-कीर्तन चर्चमध्ये आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगायचे. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथं जागा होती. पगाराच्या टोमण्याला याहून चोख उत्तर कुठलं?

पण मराठी घराघरांत पोचल्या त्या लक्ष्मीबाई टिळक. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या झाल्या नाहीत. पाच वर्षं सोवळंओवळं, शिवाशीव सांभाळत राहिल्या, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे काहीच झाकलं नाही. आपल्याला आलेली किळस, धरलेला राग, केलेला हट्ट, सगळं हसत हसत सांगून टाकलं. बाहेरून बघणाऱ्याची नजर त्यांना ऐकून माहीत नव्हती. ती त्यांची स्वतःचीच नजर होती. म्हणून त्या कुणावर चिडत नाहीत, कुणाला शिकवायलाही जात नाहीत. चर्चला कधी न गेलेले मराठी वाचकही ते पुस्तक आपलं म्हणून वाचतात.

आपल्याविषयी गैरसमज असलेल्या शेजाऱ्याशी बोलायचं असेल, कुठल्याही धर्माच्या माणसानं, तर या तिघांचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. वाद घालून झाला, भाषा आपलीशी करून झाली; सगळ्यात दूर पोचली ती मात्र ‘मीही एकदा तिकडेच उभी होते’ ही कबुली.