उतरंडीवरचा गडवा

30 सप्टेंबर 2024. दुपारचे दोन वाजलेत. तुम्ही कौंडण्यपुरात मावशीच्या स्वयंपाकघरात जेवायला बसला आहात. वर रुक्मिणीचं देऊळ, खाली वर्धा नदी, ताटात गरम भाकर आणि झुणका. समोरच्या कोपऱ्यात पितळेची उतरंड आहे. खाली हंडा, त्यावर घागर, मग कळशी, तांब्या आणि सगळ्यांत वर एवढासा गडवा.

मोबाइल वाजतो. 1 वाजून 37 मिनिटांनी मेळघाटात, चिखलदऱ्याकडे, भूकंपाचा धक्का बसलाय. तीव्रता 4.2. तुम्ही बातमी मोठ्याने वाचता.

"आपल्या वऱ्हाडात काहून येते बाप्पा भूकंप!" मावशी म्हणते. "जेव आता."

पण तुमचा घास हातातच राहतो. आजची तारीख तुम्हाला ठाऊक आहे. गडव्याकडे बघता बघता खोलीतला उजेड विझतो.

अंगाखाली घोंगडी लागते. हवेत गुलालाचा वास आहे. काल अनंत चतुर्दशी झाली, गणपती बोळवून गाव दमून झोपलंय. तारीख तीच, साल 1993, गाव किल्लारी, जिल्हा लातूर. पहाटेचे चार वाजायला आले आहेत.

हात पसरला की लाकडी खांब लागतो. डोळे अंधाराला सरावले की घर कळू लागतं. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर. तुमच्याकडे याला धाबं म्हणतात, इथे माळवद. आता भिंत चाचपा. कोनाड्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो, इतकी ती जाड. वाटतं, हत्तीने धडक दिली तरी हलायची नाही. पण ती एकसंध नाही. आतून एक दगडी थर, बाहेरून दुसरा, मधे माती आणि कपऱ्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. छताचं ओझं खांब वाहतात, भिंत नुसता आडोसा. ओझं न वाहणारी, पण घरात सगळ्यांत जड.

3 वाजून 56 मिनिटं.

आधी जमिनीच्या पोटातून घरघर येते. मग अंथरूण कुणीतरी ओढावं तसं सरकतं. फडताळातली भांडी पहिल्यांदा खाली येतात. काळोखात पितळ दगडावर आपटत राहतं. तुम्ही खांबाला मिठी मारता. भिंतीला पोट येतं, आतला थर आत आणि बाहेरचा थर बोळात कोसळतो. धुळीने श्वास कोंडतो. खांब थरथरतो, करकरतो, पण उभा राहतो. तुमच्या डोक्यावरचं माळवद अजून जागेवर आहे. भिंतीला उशी लावून झोपलेल्याचं अंथरूण मात्र दिसत नाही.

सगळ्या घरांचं नशीब असं नसतं. पुष्कळ ठिकाणी माळवदाची मातीही माणसांवर आली. 6.2 तीव्रतेच्या या भूकंपाने सुमारे 8,000 माणसं नेली. पण उजाडल्यावर गावातून चाला. भिंती गेलेल्या कितीतरी घरांचे लाकडी सांगाडे तसेच उभे दिसतील. घर पेलणारं टिकलं. जे नुसतं घरात होतं, ते माणसांवर पडलं. आणि त्या वेळच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 'आपल्याकडे कुठला भूकंप' हे इथेही घरोघरी म्हटलं जात असणार.

धूळ खाली बसते तेव्हा थंडी वाजत असते. 11 डिसेंबर 1967, कोयनानगर. पुन्हा पहाटच, 4 वाजून 21 मिनिटं. धक्का ओसरलाय. वसाहतीतली घरं पडली आहेत, सुमारे 180 माणसं गेली आहेत. 103 मीटर उंचीच्या धरणाला तडे गेलेत, पण ते उभं आहे, शिवसागर जलाशयाचं पाणी अडलेलं आहे. तरीही दूर मुंबईत वीज नाही, कारखाने थंडावलेत. धरण उभं राहिलं म्हणजे कारभार चालू राहिला, असं होत नाही. भिंती शाबूत असलेल्या दवाखान्यात औषधांची कपाटं आडवी झाली, जनरेटर जागेवरून सरकला, तर तिथेही हेच होतं.

धरणातल्या यंत्राने नोंदवलेला आडवा झटका गुरुत्वाकर्षणाच्या 0.63 पट होता. हा आकडा लक्षात ठेवा आणि परत या.

ताटातली भाकर गार झालीय. तुम्ही उठून मावशीच्या झोपायच्या खोलीत जाता. लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, दीड फूट खोल. दीडला साडेसहाने भागा, 0.23 येतात. पायथ्याशी एवढ्या पटीचा आडवा झटका बसला की कपाट एका कडेवर उचललं जाऊन डोलू लागतं. कोयनेचा झटका त्याच्या पावणेतीनपट होता. कपाटावर दोन जड पेट्या आहेत, त्याने तोल आणखी वर गेलाय. आणि कपाटाच्या अगदी पायथ्याशी मावशीची खाट. किल्लारी आणि कोयना, दोन्ही धक्के माणूस खाटेवर असतानाच आले.

पेट्या तुम्ही खाली उतरवता. खाट दुसऱ्या भिंतीला नेता. तिवस्याहून दोन लोखंडी अँगल आणि चार स्क्रू आणून कपाट भिंतीत पक्कं करायचं ठरवता. मग स्वयंपाकघरात येऊन उतरंडीवरचा गडवा हातात घेता.

"आता हे काहून काढतं रे?"

"मावशी, याच्या खाली कोण बसते जेवायले?"

मावशी उतरंडीकडे बघते, मग रोजच्या आपल्या पाटाकडे. काही न बोलता ती तांब्या उचलते, मग कळशी.

घराचे खांब आणि पाया इंजिनिअरने बघायचे, त्याला पैसा लागतो. कपाट, माळ्यावरच्या पेट्या, खाटेवर टांगलेली जड तसबीर, गच्चीवर नुसती टेकवलेली टाकी तुम्हालाच बघायची आहे. आज निजण्याआधी एकदा उशावर नजर टाका. तिथे जे आहे, ते हाताने हलवून बघा. हललं, तर ते तिथे नको.