व्यायाम आणि रुधिराभिसरण
धावणे, पोहणे, दंड-बैठका अशा श्रमांत स्नायूंची ऑक्सिजनची गरज कित्येक पटींनी वाढते. ती भागवण्यासाठी हृदय, फुप्फुसे व रक्तवाहिन्या यांच्या कार्यात तात्पुरते बदल होतात.

या बदलांची सुरुवात पहिल्या पावलाआधीच होते. शर्यतीच्या रेषेवर उभ्या असलेल्या धावपटूची नाडी इशारा होण्यापूर्वीच जलद झालेली असते, कारण हृदयाची गती आवरून धरणाऱ्या प्राणेशा तंत्रिकेचा लगाम मेंदूने सैल सोडलेला असतो. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते. निरोगी तरुणात जोरदार श्रमाच्या वेळी हे प्रमाण २० लिटरांवर जाते. श्वसन मिनिटाला ६ ते ८ लिटरांवरून १०० लिटरांपलीकडे पोहोचते. दम कितीही लागो, निरोगी माणसाला मर्यादा पडते ती सहसा फुप्फुसांची नव्हे, हृदयाच्या रक्त पुरवण्याच्या क्षमतेची.

रक्ताची फेरवाटणी हा यातला सर्वांत कुतूहलाचा भाग. एरवी स्नायूंच्या वाट्याला साधारण पाचवा हिस्सा येतो, कमाल श्रमात चार-पंचमांश. त्यासाठी आतडी व मूत्रपिंडे यांच्या धमनिका आकुंचन पावतात. राबणाऱ्या स्नायूंतल्या मात्र रुंदावतात. स्नायूंतील केशवाहिन्यांच्या नियमनावरील संशोधनाबद्दल डॅनिश शास्त्रज्ञ आउगुस्ट क्रो यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पोटऱ्यांचे स्नायू दर आकुंचनासरशी नीलांतले रक्त वर ढकलतात. म्हणूनच धावता धावता एकदम थांबल्यास हा रेटा बंद पडून घेरी येऊ शकते. जड वजन उचलताना श्वास रोखला, तर रक्तदाब झटक्यात बराच चढतो.