ओहोटीच्या वेळची नोंदवही

मुंबईच्या समुद्रात कोण राहते, असे अंधेरी-बोरिवलीच्या एखाद्या वर्गात विचारून पाहावे. पापलेट, बोंबील, कोळंबी ही नावे लगेच येतात. ती बाजारातून आलेली असतात. मग कोणीतरी 'प्लास्टिक' म्हणतो आणि वर्ग हसतो. जुहू-वर्सोव्याच्या वाळूत आणि वांद्र्याच्या खडकांत जिवंत काय आहे, हे मुलांना सांगता येत नाही. खरे तर आपल्यालाही येत नाही. मग त्यातले काही उद्या नाहीसे झाले, तर ते कळणार कसे?

ही उणीव भरून काढण्यासाठी काही मुंबईकरांनी २०१७ साली एक काम हाती घेतले. त्याची ही हकीकत.

हौशी माणसांनी निसर्गाच्या नोंदी ठेवाव्यात, ही रीत या शहराला नवी नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ मुंबईकरांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे त्या आठांत होते. २०१७ मध्ये त्याच वाटेने प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट सुरू केला. पुढे त्याचे काम कोस्टल कन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेमार्फत चालू लागले.

त्यांची पद्धत अगदी साधी आहे. भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांमधला पट्टा दिवसातून दोनदा उघडा पडतो. तेथील प्राण्यांना ऊन, कोरडेपणा आणि लाटांचा मार हे सारे सोसावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाणी सर्वांत दूर जाते. त्या वेळी स्वयंसेवक किनाऱ्यावर उतरतात, दिसेल त्या जिवाचे छायाचित्र घेतात आणि जागा व तारीख टिपतात. ही नोंद 'आय-नॅचरलिस्ट' या सर्वांना खुल्या असलेल्या माहितीसाठ्यात जाते. तेथे जगभरचे जाणकार नाव तपासतात, चुकले असेल तर दुरुस्त करतात. समुद्रफुले, खेकडे, शंखांचे प्राणी, कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगाई, ऑक्टोपस आणि प्रवाळ अशांच्या नोंदी यातून जमत गेल्या. नागरिकांसाठी किनारा-फेऱ्याही निघू लागल्या.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. काही जाती नुसत्या छायाचित्रावरून ओळखता येत नाहीत. एखादा प्राणी दिसला नाही म्हणजे तो तेथे नाहीच, असेही ठरत नाही. म्हणून त्याच जागी पुन:पुन्हा जावे लागते.

अशा नोंदींचा उपयोग काय, हे लवकरच दिसले. आपल्याकडे किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली. २००१ मध्ये प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण कायद्याचे संरक्षण मिळायचे, तर तो जीव त्या जागी आहे हे कोणीतरी दाखवावे लागते. २०१८ मध्ये दक्षिण मुंबईत सागरी किनारा रस्त्याचे काम सुरू झाले, आणि वरळी व हाजी अलीच्या खडकांवरील प्रवाळांचा प्रश्न उभा राहिला. मच्छीमार आणि पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. १६ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारपट्टी नियमनाखालील मंजुरी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली तेथील प्रवाळ दुसरीकडे हलवण्यात आले. मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग खुला झाला.

म्हणजे नोंदवहीने रस्ता थांबवला नाही. पण 'त्या खडकांवर काहीच नव्हते' असे म्हणण्याची सोयही राहिली नाही. या रस्त्याचे पुढचे टप्पे वर्सोव्याहून उत्तरेकडे आखलेले आहेत, तेव्हा हा प्रश्न आता उपनगरांच्या दाराशी आला आहे.

शाळेला यात बरेच करता येईल. सुरुवात गणिताने करावी. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा, की तिथीला तीनने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. विद्यार्थ्यांनी महिनाभर हा आडाखा छापील वेळापत्रकाशी ताडून पाहावा. फरक किती पडतो आणि का, यावर चांगला तास होईल. मग वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन जुहूसारख्या किनाऱ्यावर जावे. ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी पोहोचावे, पाणी फिरताच परतावे. कशालाही हात लावू नये, काही घरी आणू नये. काही शंखांचे प्राणी आणि जेलीफिश यांचा दंश घातक असतो. मुलुंड-घाटकोपरच्या शाळांना ठाण्याची खाडी जवळ आहे. तेथील चिखल धोक्याचा असल्याने नोंदी काठावरूनच कराव्यात.

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि जागा हवी. नाव ठाऊक नसेल तर ती ओळ कोरी ठेवावी; ते पुढच्या वर्षीच्या वर्गाला सापडू शकेल. वही मात्र शाळेतच राहू द्यावी.