वॉर्डातले ईश्वरविज्ञान

सेमिनरीतील पाळकीय समुपदेशनाच्या शिक्षणाला आजचे रूप आले ते अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात, आणि ते देणारा अँटन बॉयसन (1876–1965) स्वतः मनोरुग्ण म्हणून राहून आलेला पाळक होता. 1920 च्या ऑक्टोबरात त्याचा मानसिक तोल ढळला. इस्पितळात काढलेल्या सुमारे सव्वा वर्षात त्याच्या लक्षात आले की डॉक्टर फक्त शरीर बघतात आणि मंडळीचे लोक या वॉर्डांकडे फिरकतच नाहीत. काही मनोविकार म्हणजे कोलमडलेल्या जीवाची स्वतःला पुन्हा उभे करण्याची धडपड असते, धर्मांतराच्या अनुभवाशी तिचे नाते आहे, असे त्याचे मत बनले.

तोवर भावी पाळक हिब्रू, ग्रीक, प्रवचनशास्त्र शिकत. मरणाऱ्याच्या उशाशी बसून काय बोलायचे, हे ज्याचे त्याने पाहावे. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांप्रमाणे यांनाही रुग्णांत एक वर्ष काढायला लावा, अशी मागणी हार्वर्डचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी 1925 मध्ये केली. बॉयसन आदल्या वर्षीच वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅपलेन झाला होता. 1925 च्या उन्हाळ्यात त्याने ईश्वरविज्ञानाचे मोजके विद्यार्थी तिथे आणले. दिवसा ते वॉर्डबॉयची कामे करत आणि संध्याकाळी एकेका रुग्णाची हकिकत घेऊन चर्चेला बसत. ग्रंथ वाचतात तशी जिवंत माणसे वाचावीत, हा बॉयसनचा आग्रह.

1930 मध्ये या प्रशिक्षणासाठी परिषद स्थापन झाली, आणि त्याच वर्षी बॉयसन पुन्हा आजारी पडला. मनोविकाराचे मूळ शरीरातच असते असे मानणाऱ्या कॅबटनी त्याला शिकवण्यापासून दूर ठेवले. ज्या अनुभवावर हे शिक्षण उभे होते, तोच आता अपात्रता ठरला! 1932 मध्ये बॉयसन इलिनॉयमधल्या एल्जिनच्या मनोरुग्णालयात गेला. चळवळीतही न्यूयॉर्क आणि बोस्टन असे तट पडले.

बोस्टनकडचा भर साध्या इस्पितळांवर होता. तिथे कॅबटचे सहकारी रसेल डिक्स रुग्णभेटीनंतर झालेले बोलणे आठवून शब्दशः लिहून काढत. ती रीत पुढे सर्वत्र रूढ झाली. विद्यार्थी प्रत्येक वाक्याला क्रमांक घालतो, गटात ते मोठ्याने वाचतो, आणि रुग्ण रडवेला झाल्यावर आपण घाईघाईने प्रार्थनेकडे का वळलो, याचे उत्तर त्याला द्यावे लागते. 1940 नंतर मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या प्रभावाने उपदेशापेक्षा ऐकण्याला महत्त्व आले. 1967 मध्ये विखुरलेल्या संघटना एक झाल्या; प्रशिक्षणाचा एक टप्पा आज किमान 400 तासांचा असतो.