निर्लेपाचा लेप

‘निर्लेप’ हा शब्द मूळचा स्वयंपाकघरातला नाही. ज्याला कशाचाच लेप लागत नाही तो निर्लेप. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसा. कीर्तना-प्रवचनातला हा शब्द 1968 साली तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू झालेल्या कारखान्याने आपल्या तव्यांना दिला. तो घराघरांत असा रुळला की कोणत्याही कंपनीचा नॉनस्टिक तवा ‘निर्लेपचा’च झाला. मला हे नाव फार आवडतं, कारण या तव्याची सगळी कुळकथा लेपाचीच आहे. ज्याला काहीच चिकटत नाही, ते धातूला चिकटवायचं कसं?

6 एप्रिल 1938. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा 27 वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ फ्रीजसाठी नवा वायू शोधत होता. त्या दिवशी नळकांड्याची तोटी उघडली, तर वायू येईना. वजन मात्र भरलेल्या नळकांड्याचं. शेवटी ते कापलं, तेव्हा आतून पांढरी, मेणचट भुकटी निघाली. वायूचे रेणू आपसांत जोडले जाऊन लांब साखळ्या झाल्या होत्या. कार्बनच्या या साखळीभोवती फ्लोरिनचं कवच इतकं घट्ट, की ती बाहेरच्या कशाशी नातंच जोडत नाही. हे पीटीएफई, म्हणजेच टेफ्लॉन. अणुबाँबच्या प्रकल्पात, धातू खाऊन टाकणाऱ्या युरेनियमच्या वायूपुढे टिकाव धरायला, ते आधी कामी आलं. चुलीशी त्याची गाठ अजून पडायची होती.

ती गाठ पडली फ्रान्समध्ये, 1954च्या सुमारास. मार्क ग्रेगवार हा इंजिनिअर मासेमारीच्या सामानासाठी टेफ्लॉन वापरून बघत होता. ते माझ्या भांड्यांना लाव, असं त्याची बायको कोलेत म्हणाली, असं सांगतात. 1956 साली कंपनी निघाली. टेफ्लॉनमधलं ‘टेफ’ आणि अॅल्युमिनियममधलं ‘अल’ मिळून तिचं नाव झालं टेफल. युक्ती अशी, की अॅल्युमिनियमवर आम्लाने बारीक बारीक खड्डे पाडायचे, त्यांत लेप भरायचा आणि भट्टीत भाजायचा. पाट्याला टाकी लावतात ना, तसे हे खड्डे, फक्त डोळ्यांना न दिसणारे. लेप धातूला चिकटत नाहीच, तो खड्ड्यांत रुतून बसतो.

म्हणून तर लोखंडी उलथणं फिरलं की तो निघतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तरी बिघडतो: 260 अंशांपुढे लेप खराब व्हायला लागतो आणि 350च्या पुढे निघणाऱ्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी दगावलेले आहेत. टेफ्लॉन बनवताना लागणाऱ्या पीएफओए या रसायनाने अमेरिकेत पार्कर्सबर्गच्या परिसरातलं पिण्याचं पाणी नासवलं, ते मला याहून गंभीर वाटतं. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी 2015पर्यंत ते बंद केलं.

स्टेनलेस स्टीलवर ओरखड्याची धास्ती नाही. पण अंडं, मासा धरून ठेवतं आणि उष्णता अॅल्युमिनियमच्या जेमतेम पंधराव्या हिश्शाने वाहून नेतं. गेल्या दहाएक वर्षांत आलेले ‘हायब्रिड’ तवे या दोघांची सोयरीक जुळवतात. पोटात अॅल्युमिनियम, वर स्टील, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी. उंच रेघा उघड्या स्टीलच्या, खोलगट जागी लेप. उलथणं रेघांवरून सरकतं, लेपाला कमी लागतं. युक्ती तीच, खड्ड्यात लपवायची. फक्त खड्डा आता बोटाला लागतो. पण रेघांना तेल लागतंच आणि नुसत्या स्टीलवर येतो तसा खरपूसपणा इथे पुरता येत नाही. खोलगटातला लेपही कधीतरी झिजणारच, आणि तो घरी पुन्हा लावता येत नाही. माझं मन तिथेच अडतं.

माझ्या आजीच्या बिडाच्या तव्यावरही लेपच होता, तेलाचा. तापलेल्या बिडावर तेलाचा पातळ हात फिरला की त्याचे रेणूही एकमेकांत गुंफून कडक, काळी, गुळगुळीत साय धरतात. ती निघाली तर पुन्हा धरते. आजी अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायची, तव्यावर चर्रकन फिरवायची आणि पहिली आंबोळी घालायची. ती बहुधा फाटायची. दुसरीच्या कडा आपसूक सुटायच्या. सगळं झालं की साबण न लावता तवा पुसायची, त्याच कांद्याने तेलाचा शेवटचा हात द्यायची आणि उद्यासाठी चुलीमागे पालथा घालून ठेवायची.